चित्र उत्तम, मुखपृष्ठ नापास

इंटरमीजिएट ड्रॉइंग परीक्षेत ‘अ’ श्रेणी मिळवलेली, शाळेच्या भिंतीवर राज्याभिषेक रंगवलेली, गणपतीची सजावट जिच्याशिवाय होत नाही अशी एखादी मुलगी बहुतेक गावांत असते. कर्जत तालुक्यातल्या कळंबमध्येही असणारच. तिला कधीतरी कुणी सुचवतं, ‘पुस्तकांची मुखपृष्ठं का करत नाहीस?’ ती आपली चार उत्तम चित्रं प्रकाशकाला पाठवते. उत्तर येतं, ‘चित्रं छान आहेत, कळवतो.’ पुढे कुणी काही कळवत नाही.

चित्रं खरोखरच छान असतात आणि प्रकाशकही तोंडदेखलं बोलत नसतो. तरी काम मिळत नाही. उलट, जरा बेतानेच चित्र काढणारा एखादा जण वर्षाला पन्नास मुखपृष्ठं करत असतो. हे कसं होतं ते समजून घ्यायचं तर घरातलं कुठलंही पुस्तक हातात घ्यावं आणि त्यावरचं चित्र सोडून बाकी सगळं पाहावं.

मुखपृष्ठाला कामं किती?

दिसतं ते असं: शीर्षक, लेखकाचं नाव, प्रकाशकाचं चिन्ह, उलट बाजूला मलपृष्ठावर चार ओळींची पाठराखण, लेखकाचा फोटो, किंमत, आयएसबीएन क्रमांकाची पट्टी आणि दोन्हींच्या मधला कणा. चित्राला यातून उरेल तेवढी जागा. घरी कागदावर काढलेल्या चित्राला अशी अडचण नसते. आकाश कुठपर्यंत न्यायचं हे तिथे चित्रकार ठरवतो. मुखपृष्ठावर ते शीर्षक ठरवतं.

शिवाय हे पुस्तक तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी दिसणार असतं. दुकानाच्या टेबलावर ते हातभर अंतरावर पडलेलं असतं. मोबाइलवर ते अंगठ्याच्या नखाएवढं होतं. तिथे बारीक रेषा, फिकट जलरंग, कोपऱ्यातली नाजूक सही यांतलं काहीच उरत नाही. आणि ग्रंथालयात, जिथे मराठी पुस्तकांचा मोठा खप होतो, फक्त कणा दिसतो. त्याच्याही खालच्या टोकाला ग्रंथपाल क्रमांकाची चिठ्ठी चिकटवतो. लेखकाचं नाव कण्याच्या अगदी तळाशी टाकलं असेल तर ते चिठ्ठीखाली जातं. ही साधी गोष्ट नवख्याला कुणी सांगत नाही आणि जुन्यांपैकीही काहींच्या लक्षात राहत नाही.

या तीन ठिकाणची ही तीन कामं झाली. चौथं काम सर्वांत अवघड. पुस्तक कोणत्या जातकुळीचं आहे हे वाचकाला क्षणात समजलं पाहिजे. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांवर रघुवीर मुळगावकरांची चित्रं असत. ती पाहून कुणालाही आत ललितनिबंध असतील असं वाटलं नसतं. शि. द. फडणीसांचं १९५२ च्या ‘मोहिनी’ दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ आठवा: एक तरुण, एक तरुणी, एकाच्या कपड्यांवर मांजरांची नक्षी आणि दुसऱ्याच्या कपड्यांवर उंदरांची. एक शब्द नाही, तरी विनोदही कळतो आणि अंक कसा आहे तेही कळतं. चित्रकला म्हणून त्यात कुणी खोटही काढू शकेल, पण कल्पनेत काढता येणार नाही. प्रकाशक पैसे मोजतो ते मुख्यतः त्या कल्पनेचे.

‘चित्रकार पुस्तक वाचतो का?’ हा प्रश्न नेहमी विचारला जातो. खरं उत्तर असं की कधी वाचतो, कधी त्याला दोन पानांचा सारांश मिळतो, कधी नुसतं शीर्षक आणि ‘परवापर्यंत हवंय’. नवशिक्याने मात्र हस्तलिखित मागून घ्यावं. सारांशात नायिका ‘सोशिक’ असते, हस्तलिखितात तिच्या हातात कोयता असतो. मुखपृष्ठ सुचतं ते कोयत्यावरून.

शिरोरेघेखाली आणि वर

चांगलं चित्र हमखास बिघडतं ते अक्षरांपाशी. देवनागरीची रचना मुळातच जास्त उभी जागा मागते. शिरोरेघेच्या वर वेलांट्या, मात्रा, अनुस्वार, रफार. खाली उकार आणि जोडाक्षरांचे पाय. शीर्षक दोन ओळींत आलं की वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीतल्या वेलांटीवर आदळतो. आदळू नये म्हणून ओळींमधलं अंतर वाढवलं तर दोन्ही शब्द एकमेकांना न ओळखणाऱ्या माणसांसारखे दूर उभे राहतात. यातून वाट काढायला अक्षरं हाताने घडवावी लागतात: एखादी वेलांटी आखूड करायची, एखादा उकार शेजारच्या अक्षराच्या पोकळीत बसवायचा. नाटकांच्या जाहिरातींतली कमल शेडगे यांची शीर्षकं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना अक्षर नुसतं वाचलं जात नाही, पाहिलंही जातं, हे वेगळं सांगायला नको. र. कृ. जोशी आणि अच्युत पालव यांच्या कामातूनही हेच शिकायला मिळतं.

संगणकावरची अडचण निराळी. छापखान्यांत अजूनही जुन्या पद्धतीचे फॉन्ट चालतात, ज्यांत ‘क’ची कळ वेगळ्याच अक्षराच्या जागी असते. लेखक मजकूर पाठवतो युनिकोडमध्ये. दोन्ही एकत्र आले की पानावर चौकोन उमटतात. इनडिझाइन या सॉफ्टवेअरमध्ये ‘वर्ल्ड-रेडी कंपोजर’ सुरू केला नसेल तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते आणि जोडाक्षरं सुटी होतात. हे जुळलं की मग निवड करायला मुक्त परवान्याचे चांगले फॉन्ट आहेत. ‘एक टाइप’ या मुंबईच्या गटाचे ‘मुक्त’ आणि ‘बालू’ हे त्यांतलेच. छापखान्यात फाइल देण्याआधी अक्षरं ‘कर्व्ह’ करावी लागतात, म्हणजे अक्षराचं अक्षरपण काढून त्याची नुसती आकृती करायची. मग समोरच्याच्या संगणकावर तो फॉन्ट नसला तरी बिघडत नाही. पण कर्व्ह केलेल्या फाइलमधली शुद्धलेखनाची चूक पुन्हा टाइप करून सुधारता येत नाही. म्हणून मूळ फाइल जपून ठेवावी आणि लेखकाच्या नावाचं स्पेलिंग लेखकालाच तपासायला लावावं.

पडद्यावरचा निळा कागदावर का उतरत नाही

मोबाइलचा पडदा स्वतः प्रकाश फेकतो. लाल, हिरवा, निळा असे तीन प्रकाश मिसळून त्यावर रंग तयार होतात. कागद प्रकाश फेकत नाही, पडलेला परत पाठवतो, आणि वर चढवलेली शाई त्यातला काही भाग गिळते. छपाईत शाया चार: आकाशी, किरमिजी, पिवळी आणि काळी. पडद्यावर लखलखणारा मोरपंखी किंवा झगझगीत हिरवा या चार शायांतून निघतच नाही. म्हणून काम पहिल्यापासून छपाईच्या रंगपद्धतीत, सीएमवायके मध्ये, करायचं. शेवटी रंग बदलून घेऊ म्हणणाऱ्याला शेवटी धक्का बसतो.

या चार शाया एकमेकींत कालवल्या जात नाहीत. कागदावर त्यांचे बारीक ठिपके शेजारी-शेजारी पडतात आणि मिश्रण डोळ्यात होतं. श्रावणात कळंबच्या रस्त्यावरून भाताचं शेत एकसंध हिरवं दिसतं. बांधावर उतरलं की एकेक रोप वेगळं, मधे पाणी आणि चिखल. भिंग घेऊन मुखपृष्ठ पाहिलं तर तसंच दिसेल. आता ठिपक्यांचे चार थर एकमेकांवर केसभर जरी सरकले तरी बारीक अक्षराला रंगीत सावली फुटते. म्हणून पाठराखणीचा मजकूर फक्त काळ्या शाईत ठेवायचा, आणि गडद पार्श्वभूमीवर बारीक पांढरी अक्षरं टाळायची. वर मॅट लॅमिनेशन असेल तर सगळेच रंग एक पायरी मंदावतात, तेही आधी गृहीत धरायचं.

ऑफसेट येण्याआधीच्या काळात हे भान चित्रकाराला सक्तीने शिकावं लागे. तेव्हा जस्ताच्या पत्र्यावर चित्राचा फोटो उतरवून, नको तो भाग आम्लाने खाऊन ब्लॉक बनवत. प्रत्येक रंगाला वेगळा ब्लॉक, प्रत्येक ब्लॉकचा वेगळा खर्च. दोन रंगांत भागवायचं तर कागदाचा पांढरा हा तिसरा रंग म्हणून वापरायचा आणि दोन शाया एकमेकींवर चढवून चौथा मिळवायचा. गोव्यात १९१६ मध्ये जन्मलेले आणि मुंबईच्या जे. जे. या कलाशाळेत शिकलेले दीनानाथ दलाल याच काळातले. त्यांनी १९४५ मध्ये ‘दीपावली’ हे वार्षिक सुरू केलं, म्हणजे चित्रकार स्वतःच संपादकाच्या आणि प्रकाशकाच्या खुर्चीत बसला. दलालांची रंगांवरची हुकमत सगळे वाखाणतात. मला त्यामागचा छापखान्याचा हिशेबही तेवढाच मोठा वाटतो. आजच्या मुलाला लाखो रंग फुकट मिळतात. त्याने सरावापुरती दोन रंगांत दहा मुखपृष्ठं करून पाहावीत, असं मी सुचवीन.

चौकट: कणा किती जाड?

मुखपृष्ठ, कणा आणि मलपृष्ठ हे एकाच कागदावर सलग छापतात, म्हणून कण्याची जाडी आधी काढावी लागते. समजा पुस्तक डेमी आकाराचं आहे, म्हणजे साडेपाच इंच रुंद आणि साडेआठ इंच उंच. पानं २४०. कागदाच्या दोन बाजू म्हणजे दोन पानं, तेव्हा कागद १२०. एक कागद ०.१ मिलिमीटर जाड असेल तर कणा १२ मिलिमीटर.

एकूण रुंदी: १४० + १२ + १४० = २९२ मिलिमीटर. कापताना सुरी इकडेतिकडे झाली तर पांढरी कड दिसू नये म्हणून चारही बाजूंना ३ मिलिमीटर जास्तीचा रंग सोडतात. त्याला ब्लीड म्हणतात. म्हणजे फाइलची रुंदी २९८ आणि उंची २१६ + ६ = २२२ मिलिमीटर.

लेखकाने ऐनवेळी तीन फॉर्म, म्हणजे ४८ पानं, वाढवली तर कणा १४.४ मिलिमीटर होतो आणि मुखपृष्ठाची कड घसरून कण्यावर येते. पानं कायम झाल्याखेरीज शेवटची फाइल देऊ नये. कागदाची जाडी छापखान्यालाच विचारावी, कारण त्याच वजनाचे दोन कारखान्यांचे कागद सारखे जाड नसतात.

कळंबमध्ये बसून

नकाशावर पाहिलं तर या धंद्यासाठी कळंबची जागा वाईट नाही. नेरळ स्टेशन गाठलं की लोकलने दोनेक तासांत मुंबई. दादरची पुस्तकांची दुकानं वाटेत, आणि शेवटच्या स्टेशनावरून जे. जे. चालत जाण्याच्या अंतरावर. दुसऱ्या बाजूला कर्जतहून घाट चढला की पुणे, जिथे मराठी प्रकाशकांची दाटी आहे आणि अप्पा बळवंत चौकात एका संध्याकाळी शेकडो मुखपृष्ठं फुकट अभ्यासता येतात. काम अर्थात ईमेलने होतं. जायचं ते पाहायला, आणि एकदा तरी छापखान्यात यंत्रापाशी उभं राहायला.

जे. जे. ची स्थापना १८५७ ची. तिथल्या किंवा दुसऱ्या कला महाविद्यालयातल्या उपयोजित कलेच्या पदवीसाठी प्रवेश परीक्षा द्यावी लागते. चार वर्षं आणि शहरात राहण्याचा खर्च ज्याला झेपेल त्याने ती जरूर द्यावी. पण पदवीवाचून हे काम होत नाही असं नाही. वसंत सरवटे पेशाने स्थापत्य अभियंते होते, एसीसी सिमेंट कंपनीत नोकरी करत. पु. ल. देशपांड्यांच्या पुस्तकांवरची त्यांची चित्रं आणि ‘ललित’ मासिकाच्या दिवाळी अंकांवरचं त्यांनी काढलेलं ठणठणपाळ हे पात्र मराठी वाचकाच्या डोळ्यांत पक्की बसलेली आहेत. नोकरी सांभाळून केलेलं काम हौशीच राहतं, हा समज त्यांनी खोटा ठरवला.

गावाजवळ मिळणारी पहिली शाळा म्हणजे नेरळ-कर्जतचं डीटीपी केंद्र किंवा फ्लेक्सचं दुकान. तिथे कोरलड्रॉ येतं, मुदतीत काम करणं येतं, गिऱ्हाइकाचं ऐकून घेणं येतं. एक सवय मात्र तिथेच ठेवून यावी. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर रिकामी जागा म्हणजे वाया गेलेला पैसा, त्यामुळे पन्नास चेहरे आणि सोनेरी कडा. पुस्तकावर रिकामी जागा हीच शीर्षकाची बैठक असते.

कळंबच्या माणसाकडे दुसरीही एक शिदोरी आहे आणि ती शहरातल्या चित्रकाराकडे नाही. कोकणावरचं पुस्तक म्हटलं की मुखपृष्ठावर समुद्र, होडी आणि माड ठरलेले. आता रायगड जिल्ह्याचा हा आतला भाग घ्या. कर्जत-खालापुरात समुद्र कुठे आहे? इथे सह्याद्रीची भिंत आहे, कोथळीगडाचा सुळका आहे, साग आणि मोह आहे, उन्हाळ्यात भाजलेल्या राबाचे काळे चौकोन आहेत, पावसात वाकलेल्या पाठीवर इरलं आहे. ग्रामीण कथासंग्रहावर मी गव्हाच्या ओंब्या, उत्तरेकडचा फेटा आणि विकतच्या छायाचित्रातली कुठल्या तरी परमुलखातली बैलगाडी पाहिली आहे. आदिवासी म्हटलं की कथा ठाकरांची असो वा कातकऱ्यांची, वारली चित्रातली काटकुळी माणसं चिकटवून दिली जातात. ती चित्रपरंपरा डहाणू-तलासरीकडची, तिची स्वतःची घरं, स्वतःचे विधी. बदली शिक्का म्हणून ती वापरणं हा दोन्ही समाजांचा अपमान आहे, असं माझं मत. राब कसा भाजतात, इरलं कुठून बांधतात, ठाकराच्या घराचा कूड कसा असतो, याची वहीभर रेखाटनं ज्याच्याकडे आहेत त्याच्याकडे संपादक परत येतो. चित्र तयार करणारी यंत्रं आता कुणालाही मिनिटात ‘खेडं’ काढून देतात. ते खेडं नेमकं कुठलंच नसतं, त्यामुळे ही वही आता जास्तच मोलाची.

पैसे किती आणि चित्र कुणाचं

मानधन कमी का, याचा हिशेब मांडून पाहू, आकडे समजण्यापुरते. पुस्तकाची किंमत ३०० रुपये, प्रती १०००, म्हणजे सगळ्या विकल्या तर ३ लाख. वितरक आणि दुकानदाराला ४० टक्के धरले तर १ लाख २० हजार गेले. लेखकाला १० टक्के, म्हणजे ३० हजार. उरलेल्या दीड लाखात कागद, छपाई, बांधणी, अक्षरजुळणी, मुद्रितशोधन, गोदाम आणि न खपलेल्या प्रती. मुखपृष्ठाचे पैसे यातूनच निघतात, आणि बहुधा एकदाच मिळतात. तेव्हा नुसत्या मुखपृष्ठांवर घर चालेल असं समजू नये. आतली रेखाटनं, पाठ्यपुस्तकं, मुलांची पुस्तकं, अंकांची मांडणी हे सगळं मिळून पोट भरतं. फडणीसांनीही बालभारतीची गणिताची पुस्तकं चित्रांनी हसती केली. आणि मुलांच्या पुस्तकांत चित्रकाराचं नाव लेखकाच्या शेजारी येतं. लिहिणं आणि चित्र काढणं दोन्ही करणाऱ्या माधुरी पुरंदरे यांची ज्योत्स्ना प्रकाशनाची पुस्तकं या दृष्टीने नीट पाहण्यासारखी आहेत.

हक्कांची बाजू नवशिक्याला माहीतच नसते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे कलाकृतीचा पहिला मालक सर्वसाधारणपणे ती निर्माण करणारा असतो. पण कलम १७ मध्ये अपवाद आहे. कुणी पैसे देऊन पेंटिंग काढून घेतलं आणि वेगळं काही ठरलं नाही, तर पहिली मालकी पैसे देणाऱ्याची. संगणकावरच्या मुखपृष्ठाला हा अपवाद कितपत लागतो यावर वकिलांनी वाद घालत बसावं. आपण दोन ओळी लिहून घ्याव्यात. हक्क देताना लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. कलम १९ प्रमाणे मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारत धरला जातो. म्हणून पत्रात एवढं असावं: चित्र या पुस्तकाच्या छापील मराठी आवृत्त्यांसाठी; ई-पुस्तक, अनुवाद, दिनदर्शिका यांसाठी वेगळे पैसे; श्रेयनामावलीत नाव; काम रद्द झालं तरी अमुक रक्कम; दुरुस्त्या किती वेळा.

यात अवघडण्यासारखं काही नाही. व्यवस्थित प्रकाशक असं पत्र पाहून उलट सुखावतो. जो भडकतो त्याचं काम न केलेलं बरं.

जुनी चित्रं उचलून वापरण्याचा मोहही होतो. चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क टिकतो. दलाल १९७१ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या चित्रांवरचा हक्क २०३१ अखेरपर्यंत आहे.

नमुने कसले आणि कधी पाठवायचे

चार सुट्या चित्रांऐवजी पाच पूर्ण मुखपृष्ठं करावीत. कणा आणि मलपृष्ठासह, खऱ्या मापात, खऱ्या पुस्तकांची, ‘सरावासाठी’ असं स्पष्ट लिहून. पाचही कादंबऱ्या नकोत. एक कवितासंग्रह, एक पाककृतींचं, एक स्पर्धा परीक्षेचं, एक मुलांचं. रुक्ष पुस्तकाला देखणं करता येतं हे दिसलं की प्रकाशकाचा विश्वास बसतो, कारण त्याच्या यादीत तीच जास्त असतात. पाचवं एकाच लेखकाच्या तीन पुस्तकांची मालिका असं करावं. तिन्ही वेगळी, पण एका घरातली. दरम्यान तालुक्यातल्या एखाद्या कवीचा पदरमोड करून छापलेला संग्रह, मंडळाची स्मरणिका, शाळेचं वार्षिक असं काहीही खरं छापून निघालेलं हाती असावं. छापलेल्या एका प्रतीचं वजन पडद्यावरच्या दहा नमुन्यांपेक्षा जास्त.

पहिलं पैशाचं काम अनेकांना दिवाळी अंकांत मिळतं. का. र. मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक १९०९ मध्ये काढला, तेव्हापासून हा हंगाम चालू आहे. एकेका अंकात दहा-वीस कथा, प्रत्येकीला एखादं रेखाटन, आणि सगळ्यांना एकाच वेळी चित्रकार हवे असतात. अंक ऑक्टोबर-नोव्हेंबरात येतो, पण कथा चित्रकारांकडे जुलै-ऑगस्टमध्ये निघतात आणि कुणाकडे काय द्यायचं ते त्याआधी ठरतं. कळंबमध्ये ते लावणीचे दिवस. घरातला प्रत्येक हात शेतात लागतो आणि विजेचाही भरवसा नसतो. तेव्हा पाच पानांची एक हलकी पीडीएफ, शेवटच्या पानावर नाव आणि फोन नंबर टाकून, मे महिना संपायच्या आत संपादकांना रवाना झालेली बरी.